आवलीच्या हाती लेखणी

काही वर्षांपूर्वी नगर जिल्ह्यातल्या एका लहानशा चर्चच्या वार्षिक मेळाव्यात मला बोलायला बोलावले होते. मी ख्रिस्ती नाही. आयुष्यभर मराठी शिकवण्याचे काम केलेला एक मास्तर, एवढीच माझी पात्रता. विषय दिला होता ‘आदर्श ख्रिस्ती जीवन’. या विषयावर धर्मशास्त्राच्या अंगाने बोलण्याचा अधिकार मला नव्हता. म्हणून मी ‘स्मृतिचित्रे’ हाताशी घेतले आणि रेव्हरंड नारायण वामन टिळकांविषयी बोललो. त्यांचा तापटपणा, हातात पैसा आला की तो दुसऱ्याच्या हाती जाईपर्यंत त्यांना वाटणारी अस्वस्थता, न सांगता घर सोडून निघून जाण्याची सवय, आणि या साऱ्याला तोंड देणाऱ्या लक्ष्मीबाई – हे सगळे मी रंगवून सांगितले. मंडळी हसली. मला बरे वाटले.

कार्यक्रम संपल्यावर एक वृद्ध गृहस्थ जवळ आले. अंगात स्वच्छ पांढरा सदरा, हातात कापडी पिशवीत गुंडाळलेले भजनांचे पुस्तक. ते म्हणाले, “सर, बोललात छान. पण एक विचारू? टिळकांची भजने आम्ही दर रविवारी म्हणतो. माझ्या आईला शेवटच्या दिवशी तीच म्हणून दाखवली. आज पोरांपुढे त्यांचा आदर्श ठेवायचा होता, आणि तुम्ही त्यांना हसवून पाठवलंत. त्यांनी आता काय घ्यायचं?”

मी काहीतरी सारवासारव केली. माणसातला देव आणि देवातला माणूस वगैरे, जे आपण वाङ्मयाचे लोक अशा वेळी बोलतो, ते बोललो. त्यांनी नम्रपणे मान हलवली आणि ते गेले. पण तो प्रश्न मात्र माझ्याबरोबर घरी आला. त्याचे उत्तर द्यायचे म्हणून मी पुन्हा एकदा ‘स्मृतिचित्रे’ पहिल्यापासून शेवटपर्यंत वाचले, आणि मला असे आढळून आले की हे पुस्तक मी इतकी वर्षे चुकीचे वाचत होतो. चुकीचे म्हणण्यापेक्षा अर्धे वाचत होतो, असे म्हणणे अधिक खरे होईल. हा लेख म्हणजे त्या राहिलेल्या अर्ध्याचा हिशेब आहे.

*

‘स्मृतिचित्रे’चा पहिला भाग १९३४ साली प्रसिद्ध झाला. तेव्हापासून आजवर मराठी टीकेने या पुस्तकावर प्रेमच केले आहे. त्याची भाषा, त्यातला प्रांजळपणा, त्यातला विनोद यांचे कौतुक ज्याने केले नाही असा टीकाकार सापडणे कठीण. १९५० साली इंकस्टरबाईंनी आणि २०१७ साली शांता गोखले यांनी त्याला इंग्रजीत नेले. आपल्या अभिजात पुस्तकांची कोणी कितीही लहान यादी केली, तरी हे पुस्तक त्या यादीतून सुटत नाही.

पण या कौतुकाची तऱ्हा एकदा नीट तपासून पाहावी. आपण कौतुक करतो ते लक्ष्मीबाईंच्या साधेपणाचे, भोळेपणाचे. जणू हे पुस्तक त्यांच्या हातून नकळत घडून गेले! आणि आपण आवडीने सांगतो ते बहुधा पहिल्या भागातले प्रसंग. वडिलांचे सोवळ्याचे वेड, त्या पायी घरातल्या वस्तूंचे चाललेले धुणे, अकराव्या वर्षी झालेले लग्न, सासरचा जाच. ज्या घटनेमुळे हे पुस्तक लिहिले गेले, ज्या घटनेवाचून त्यात सांगण्यासारखे फारसे उरले नसते, तिच्याशी आलो की आपला आवाज जरा खाली येतो. १० फेब्रुवारी १८९५ या दिवशी मुंबईत टिळकांनी बाप्तिस्मा घेतला. पुढे पाच वर्षांनी, १९०० साली, राहुरीला लक्ष्मीबाईंनीही तो घेतला. या दोन तारखांच्या मध्ये या पुस्तकाचा प्राण आहे. मी स्वतः वर्गात पहिल्या भागातले उतारे किती वेळा शिकवले असतील त्याची गणती नाही; पण या पाच वर्षांविषयी ‘पुढचे तुम्ही घरी वाचा’ असे सांगून मी मोकळा होत असे. आज कळते की तो वेळेचा प्रश्न नव्हता. चाळीस मुलांपुढे धर्मांतर हा विषय काढण्याचा मला संकोच होता. विनोद सर्वांचा असतो, श्रद्धा कोणा एकाची असते, अशी काहीशी माझी समजूत होती.

हा संकोच माझ्या एकट्याचा नाही. २०२० च्या जानेवारीत उस्मानाबादला, म्हणजे आजच्या धाराशिवला, भरलेल्या साहित्य संमेलनाच्या अध्यक्षपदी फादर फ्रान्सिस दिब्रिटो निवडले गेले तेव्हा काय झाले ते आपण पाहिले आहे. ‘सुबोध बायबल’सारखे काम करणारा, वसईच्या हिरव्या पट्ट्यासाठी उभा राहिलेला हा माणूस मराठीचा लेखक होता. पण त्याच्या लेखनाची चर्चा राहिली बाजूला, आणि त्याच्या झग्याचीच चर्चा अधिक झाली. दिब्रिटो २०२४ साली गेले. मराठी माणसाला ख्रिस्ती लेखक चालतो, पण त्याने आपला ख्रिस्त घरी ठेवून यावे अशी आपली छुपी अट असते. लक्ष्मीबाईंच्या बाबतीत ही अट आपण त्यांच्या पश्चात, त्यांच्या वतीने स्वतःच पाळून टाकली.

*

आता त्या वृद्ध गृहस्थांच्या प्रश्नाकडे वळू. धर्मनिष्ठ माणसाचे आयुष्य दुसऱ्यांना उदाहरण व्हावे, ही अपेक्षा ख्रिस्ती धर्मात मूळचीच आहे. नव्या करारातल्या पेत्राच्या पत्रात ख्रिस्ताच्या दुःखभोगाविषयी बोलताना जो शब्द आला आहे, त्याला मराठी बायबलने ‘कित्ता’ हा प्रतिशब्द योजला आहे. इतका चपखल शब्द क्वचितच साधतो. कारण मूळ ग्रीक शब्दाचा अर्थही मुलांना गिरवायला घालून दिलेली अक्षरे असाच आहे. शिष्याने गुरूच्या आयुष्यावरून आपले आयुष्य गिरवायचे, आणि मग त्याचे अक्षर तिसऱ्याने.

परंतु या कल्पनेत लेखकाच्या दृष्टीने एक मोठा धोका आहे. कित्ता नेहमी सुवाच्य असावा लागतो. म्हणून कित्त्यासाठी लिहिलेल्या चरित्रांत खाडाखोड राहत नाही. चरित्रनायक लहानपणी थोडा वाट चुकलेला असतो, मग त्याला प्रकाश दिसतो, मग त्याचा छळ होतो, मग तो सेवा करतो आणि शांतपणे मरतो. मिशनच्या छापखान्यांतून अशी किती छोटी चरित्रे निघाली असतील! त्यांतले एकही आज कोणाला आठवत नाही. ती खोटी होती म्हणून विसरली गेली असे नव्हे. त्यांत माणसे नव्हती, नुसती वळणदार अक्षरे होती.

मराठी ख्रिस्ती वाङ्मयातल्या मोठ्या माणसांनाही या अडचणीला तोंड द्यावे लागले. बाबा पदमनजींनी १८५४ साली बेळगावला बाप्तिस्मा घेतला, आणि पुढे ‘अरुणोदय’ हे आत्मचरित्र लिहिले. मराठीतल्या पहिल्या आत्मचरित्रांपैकी ते एक. त्या काळातले शिक्षण, घरातले देवधर्म, मुंबईतल्या नव्या विचारांच्या तरुणांची खलबते यांचा तो मोलाचा दस्तऐवज आहे. पण पुस्तकाचे नावच बघा. अरुणोदय व्हायचा असेल तर त्याच्या आधीची रात्र काळोखीच असावी लागते. लेखक मागे वळून पाहतो तेव्हा प्रत्येक पाऊल पूर्वेकडेच पडत होते असे त्याला दिसते. १८५७ साली ‘यमुनापर्यटन’ लिहून विधवांच्या दुःखाला ज्याने वाचा फोडली, त्याची निरीक्षणशक्ती येथेही जागी आहे. परंतु ती एका ठरलेल्या निष्कर्षाच्या चाकरीत आहे.

पंडिता रमाबाईंनी दुसरा मार्ग पत्करला. त्यांनी स्वतःविषयी फार थोडे लिहिले, आणि लिहिले ते करड्या, कोरड्या शब्दांत. दुष्काळात आईबाप आणि बहीण गमावलेली, १८८३ साली इंग्लंडातल्या वाँटेज येथे बाप्तिस्मा घेतलेली, १८८९ साली मुंबईत शारदा सदन काढणारी आणि पुढे केडगावला दुष्काळातून उचलून आणलेल्या शेकडो मुलींची आई झालेली ही बाई. तिच्या कामापुढे कोणीही नम्र व्हावे. पण तिचा खरा पीळ दिसतो तो १९७७ साली प्रसिद्ध झालेल्या तिच्या पत्रव्यवहारात. वाँटेजच्या भगिनींना लिहिलेल्या पत्रांत ती वाद घालते, अडून बसते, अधिकाराने सांगितलेली गोष्ट केवळ अधिकाराने सांगितली म्हणून मान्य करायला नकार देते. ही पत्रे कित्ता म्हणून लिहिलेली नव्हती. म्हणूनच ती वाचताना रमाबाई समोर येऊन बसतात.

तेव्हा प्रश्न असा उभा राहतो : उदाहरण म्हणून सांगावे असे आयुष्य खरेपणाने सांगता येते का? की सांगणाऱ्याला उदाहरण आणि खरेपणा यांतून एकाचीच निवड करावी लागते?

*

या प्रश्नाचे उत्तर शोधताना मला एकदम आवली आठवली. तुकोबांची आवली, जिजाई.

महिपतींनी १७६२ मध्ये ‘भक्तविजय’ पुरा केला, आणि महाराष्ट्राच्या मनातले संत त्या ग्रंथाने कायमचे घडवले. त्यातले आणि आपल्या कीर्तनांतले तुकोबा आठवावेत. ते दुकान बुडवतात, ऊस वाटून टाकतात, धान्य राखायला बसवले तर पाखरांना खाऊ देतात. आणि आवली? ती कडकड करते. उरलेला एकुलता एक ऊस नवऱ्याच्या पाठीत घालते. विठोबाला काळतोंड्या म्हणते. आणि मग तीच उन्हातान्हात भाकरी घेऊन भंडाऱ्याचा डोंगर चढते. कीर्तनकार तिचा प्रसंग रंगवतो तेव्हा मंडप हसतो. पण तिच्या बाजूने ही गोष्ट कोणी सांगितली आहे का? मुले उपाशी होती हे तिला माहीत होते, कारण चूल तिच्या हाती होती. संताच्या औदार्याची किंमत कोणी भरली याचा हिशेब तिच्यापाशी होता. तिच्यापाशी नव्हती ती लेखणी.

‘स्मृतिचित्रे’ म्हणजे आवलीच्या हाती लेखणी आल्यावर झालेले संतचरित्र आहे, असे मला वाटते. ही केवळ शाब्दिक गंमत नव्हे. टिळक आपल्याला ख्रिस्ताकडे नेणारा पूल तुकारामाचा आहे असे सांगत असत. १८९३ साली आगगाडीत भेटलेल्या एका परक्या गोऱ्या माणसाने त्यांना नवा करार दिला, आणि त्यातल्या पर्वतावरील प्रवचनाने त्यांना धरले. पण ते प्रवचन ऐकायला त्यांचे कान तयार केले होते ते वारकऱ्यांनी. त्यांनी ख्रिस्ताला माउली म्हटले, अभंग आणि कीर्तन चर्चमध्ये आणले. १९१७ साली मिशनचा पगार सोडून त्यांनी सातारला ‘देवाचा दरबार’ मांडला. बाप्तिस्मा घेतलेले आणि न घेतलेले असे दोघेही ख्रिस्ताचे भक्त त्यात एकत्र यावेत अशी ती कल्पना होती. तुकोबा हा त्यांचा कित्ता होता, आणि तो त्यांनी इतक्या निष्ठेने गिरवला की त्यातली आवलीसुद्धा सुटली नाही. योगायोग असा की भक्तविजयकार महिपती ज्या ताहाराबादचे, ते गाव राहुरी तालुक्यातच आहे. लक्ष्मीबाईंनी ज्या परिसरात बाप्तिस्मा घेतला, त्याच परिसरात दीडशे वर्षांपूर्वी संतांच्या बायकांचा एक साचा तयार झाला होता. लक्ष्मीबाईंनी तो मोडला.

कसा मोडला, हे पाहणे हे टीकाकाराचे काम आहे. पहिली गोष्ट म्हणजे नावाची. ज्या काळी बायका नवऱ्याचा उल्लेख ‘हे’, ‘स्वारी’, ‘इकडून’ अशा आडवळणांनी करीत, त्या काळात वाढलेली ही बाई पुस्तकभर सरळ ‘टिळक’ असे लिहिते. या एका शब्दाने फार मोठे काम साधले आहे. नवरा, कवी, धर्मोपदेशक ही सारी नाती त्या आडनावात सामावतात, आणि लेखिकेला मात्र निवेदकाचे अंतर मिळते. ती त्यांच्याकडे पाहू शकते. ‘भोळी’ बाई असे अंतर राखू शकत नाही.

दुसरी गोष्ट, ती निकाल देत नाही. टिळकांनी घरातला पैसा भलत्याला दिला, हे ती सांगते. त्यानंतर घरात काय झाले, हेही सांगते. आणि पुढच्या प्रसंगाला लागते. त्यांना ती उदार म्हणत नाही, बेजबाबदारही म्हणत नाही. न्यायासन रिकामे ठेवण्याची ही शक्ती फार दुर्मिळ आहे. स्वतःच्या बाबतीतही तिचा नियम तोच. आपले हट्ट, आपली फजिती, सोवळ्यापायी केलेला आपला आडमुठेपणा हे ती त्याच स्वरात सांगते. नवऱ्याला हसताना तिने स्वतःला सूट दिलेली नाही. म्हणून तिचा विनोद बोचत नाही, आणि म्हणूनच तो भरवशाचा वाटतो.

आणि तिसरी गोष्ट ती पाच वर्षे. नवऱ्याने धर्म सोडल्याची बातमी येते तेव्हा लक्ष्मीबाईंच्या दुःखाला सीमा राहत नाही. त्या माहेरच्या माणसांच्या आधाराने, मुलाला घेऊन दिवस काढतात. पंढरपुरासारख्या क्षेत्री राहतात. पुढे नगरला टिळकांजवळ जाऊन राहायचे ठरते तेव्हाही चूल वेगळी, पाणी वेगळे. रूढ धर्मचरित्रात या ठिकाणी काय झाले असते? नवऱ्याचे पवित्र आयुष्य पाहून पत्नीचे मन पालटले असते. येथे तसे होत नाही. टिळकांच्या उपदेशाने लक्ष्मीबाई ख्रिस्ती झाल्या नाहीत. त्या आपल्या आपण विचार करू लागल्या. जात देवाने केली की माणसाने, हा प्रश्न त्यांनी स्वतःला विचारला. ती माणसाने केली असे उत्तर आले, आणि त्या उत्तराबरोबर वडिलांच्या घरापासून अंगात मुरलेले सोवळे गळून पडले. ज्या मुलीने बाजारातून आलेली वस्तू धुतल्याशिवाय घरात न घेणारा बाप पाहिला होता, तिने हे करावे! बाप्तिस्मा त्यानंतरचा. प्रथम माणूस शिवायला शिकला आणि मग देव भेटला, असा हा क्रम आहे. आपण मराठी वाचकांनी हा भाग खाजगी श्रद्धेचा म्हणून सोडून दिला, आणि त्याबरोबर आपल्या भाषेतला जातीविषयीचा एक अत्यंत प्रामाणिक विचार सोडून दिला.

*

मग टिळकांच्या उदाहरणाचे काय? ते वाया गेले का? माझा सगळा गोंधळ येथे होता, आणि त्या वृद्ध गृहस्थांना मी उत्तर देऊ शकलो नाही तेही यामुळेच.

पुस्तकाचा उत्तरार्ध पुन्हा वाचताना एक गोष्ट हळूहळू लक्षात येते. आरंभी टिळक वाटेवरचे कोणालाही घरी आणतात आणि लक्ष्मीबाई डोक्याला हात लावतात. पुढे पुढे लक्ष्मीबाईच माणसे घरात घेऊ लागतात. अनाथ मुले येतात, टाकलेल्या मुली येतात. प्लेगच्या दिवसांत आजारी मुलांजवळ बसायला माणूस हवे असते तेव्हा ही बाई पदर खोचून उभी राहते. ठोंबऱ्यांचा विचित्र, लहरी, विलक्षण मुलगा घरात येऊन राहतो. त्याला आपण बालकवी म्हणून ओळखतो, लक्ष्मीबाई त्याला पोटच्या पोरासारखा रागावतात आणि सांभाळतात. ज्या सवयीची तक्रार त्यांनी पहिल्या भागात केली, ती सवय तिसऱ्या भागात त्यांची स्वतःची झाली आहे. आणि ती कधी झाली, हे त्यांनी कोठेही सांगितलेले नाही. बहुधा त्यांनाही ते कळले नसावे.

यालाच मी उदाहरणाचा परिणाम म्हणतो. टिळकांचे दोष पाहत, त्यांची किंमत मोजत, त्यांच्यावर रागावत एक माणूस त्यांच्यासारखे झाले. दोष झाकून ठेवले असते तर हे घडलेले आपल्याला दिसलेच नसते. टिळकांचे निर्दोष चरित्र वाचून मी त्यांना नमस्कार केला असता आणि पुस्तक मिटले असते. कारण निर्दोष माणसासारखे होणे माझ्या हातचे नाही. पण एक तापट, उधळ्या, चंचल माणूस आपल्या देवाला इतका धरून राहतो की त्याच्या सर्वांत कठोर साक्षीदाराचेही आयुष्य बदलते, हे वाचल्यावर सबबी उरत नाहीत.

साक्षीदार हा शब्द मी विचारपूर्वक वापरला. ख्रिस्ती मंडळी आपल्या श्रद्धेविषयी बोलणे याला ‘साक्ष देणे’ म्हणतात. हा कोर्टातला शब्द आहे. साक्षीदाराने वकिली करायची नसते. पाहिले ते सांगायचे असते, मग ते आपल्याच माणसाच्या विरुद्ध जावो. या अर्थाने ‘स्मृतिचित्रे’ हा मराठीतला साक्षीचा सर्वांत मोठा ग्रंथ आहे. जे. सी. विन्स्लो यांनी १९२३ साली इंग्रजीत लिहिलेले टिळकांचे चरित्र प्रेमाने आणि जाणकारीने लिहिले आहे. टिळकांची कविता, त्यांचे राष्ट्रप्रेम, भारतीय वळणाच्या ख्रिस्ती धर्माचा त्यांचा ध्यास हे सारे त्यात नीट मांडले आहे. पण विन्स्लो यांनी टिळकांच्या घरी स्वयंपाक केलेला नव्हता.

पुस्तकाच्या उणिवाही सांगितल्या पाहिजेत; नाहीतर मी ज्याची तक्रार करतो आहे तेच माझ्या हातून होईल. उत्तरार्धात प्रसंगांची गर्दी होते, आणि पहिल्या भागाचा ताण पुढे सैल पडतो. नवराबायकोमधली धर्माची भिंत पडल्यावर कथेला दुसरा तितका मोठा विरोध सापडत नाही. टिळकांच्या मनात काय चालले होते, हे लक्ष्मीबाई फारसे सांगत नाहीत; त्यासाठी त्यांच्या भजनांकडेच जावे लागते. १९१७ सालची ती पगार सोडण्याची उडी घ्या. पोक्त वयात, संसार असताना, एका माणसाला ही उडी का घ्यावीशी वाटली? तिच्यामागची तळमळ मोठी असली पाहिजे. पुस्तकात तिचे चटके दिसतात, ज्योत तितकी दिसत नाही. चुलीपाशी बसून सारा दिवाणखाना दिसत नाही, ही आवलीच्या जागेची मर्यादा आहे. दोन वर्षांनी, ९ मे १९१९ रोजी, टिळक मुंबईत वारले. ‘देवाचा दरबार’ त्यांच्याबरोबर ओसरला.

पण त्यांचे एक काम ओसरले नाही. ‘ख्रिस्तायन’ हे ख्रिस्तचरित्रावरचे महाकाव्य टिळकांनी आरंभले होते. त्याचे सुरुवातीचेच अध्याय त्यांच्या हातून झाले. पुढचे बहुतेक अध्याय लक्ष्मीबाईंनी लिहिले. १९३६ च्या फेब्रुवारीत त्या गेल्या, आणि १९३८ साली तो ग्रंथ प्रसिद्ध झाला. काव्य म्हणून ‘ख्रिस्तायन’ ‘स्मृतिचित्रे’च्या पासंगाला लागत नाही, हे मी कबूल करतो. पण ते लिहिणारी बाई डोळ्यांपुढे आणावी. शाळेचे तोंड न पाहिलेली, जोडाक्षरांशी झगडत वाचायला शिकलेली, नवऱ्याच्या लहरींनी उभा जन्म हैराण झालेली. ती त्या नवऱ्याच्या पश्चात त्याचे अर्धे राहिलेले पान पुढे ओढते आणि त्याच्या अक्षराखाली आपले अक्षर काढीत बसते. कित्ता गिरवणे म्हणतात ते याहून वेगळे काय असते?

*

त्या गृहस्थांची पुन्हा गाठ पडली नाही. पडली असती तर मी त्यांची प्रथम माफी मागितली असती. मी त्या दिवशी टिळकांचे दोष सांगितले ते चुकले नाही. मी तेवढेच सांगून थांबलो, हे चुकले. लक्ष्मीबाई तेथे थांबत नाहीत. हशा झाल्यावर त्या पुढे जातात, आणि जिथे हसणे बंद होते त्या जागी आपल्याला नेऊन सोडतात. मी मंडळींना हशापर्यंत नेले आणि टाळ्या घेऊन परत आलो.

पोरांनी काय घ्यायचे, असे त्यांनी विचारले होते. मला वाटते, पोरांना सबंध पुस्तक द्यावे. टिळकांनी घरातले कोणाला काय दिले ते त्यांनी वाचावे, आणि त्या दिवशी घरात कोण उपाशी राहिले तेही वाचावे. मग त्यांनी ठरवावे. काही पोरे म्हणतील, असला संत आमच्या घरात नको. म्हणू देत, लक्ष्मीबाईही काही वर्षे तेच म्हणत होत्या.

गेल्या पावसाळ्यात मी एका मित्राच्या नातीला हे पुस्तक वाचायला दिले. पंधरा दिवसांनी तिने परत आणून दिले. मी विचारले, “कसे वाटले?” ती म्हणाली, “आजोबा, तुम्ही सांगितलं होतं विनोदी आहे म्हणून.” एवढेच बोलली आणि जरा वेळ गप्प बसली. मग म्हणाली, “दुसऱ्यांदा वाचायला नेऊ का?”

मी पुस्तक तिच्याकडेच ठेवले आहे.